गावी जाताना कॅमेऱ्याच्या पिशवीत काय असावे?

दिवाळीची सुटी दोन-तीन महिन्यांवर आली, की बडोद्यातील मराठी घरांतून कुलदैवताच्या दर्शनाचे बेत शिजू लागतात. कुणाचा जेजुरीचा खंडोबा, कुणाची तुळजापूरची भवानी, कुणाची कार्ल्याची एकवीरा, तर कुणाचा गुहागरचा व्याडेश्वर. कित्येक पिढ्या गुजरातेत गेल्या, तरी गावाकडची वाट या घरांना अजून पाठ आहे. निदान वडीलधाऱ्यांना तरी आहे. तिकिटे काढून झाली, मुक्कामाचे पत्र – पत्र कसले, आता फोनच – होऊन गेला, की घरातील तरुण मंडळींपैकी कुणीतरी कपाटातून कॅमेऱ्याची पिशवी खाली काढते आणि प्रश्न उभा राहतो. यातले न्यायचे काय? एक कॅमेरा की दोन? रुंद दृश्य टिपणारी लेन्स, लांबचे जवळ आणणारी लेन्स, की दोन्ही कामे करणारी झूम? आणि खिशात मोबाइल असताना हे ओझे न्यायचेच कशाला?

या प्रश्नाची उत्तरे देणारी माहितीपत्रके आणि जाणकार मित्र भरपूर असतात. परंतु ती सारी चर्चा कॅमेऱ्यापासून सुरू होते आणि कॅमेऱ्यापाशीच संपते. आम्हाला ती दुसऱ्या टोकाकडून सुरू करावीशी वाटते. या प्रवासात असे काय दिसणार आहे, की जे पुढल्या खेपेस दिसेलच याची शाश्वती नाही? गुहागरचा किनारा पुढच्या वर्षीही तेथेच असेल. त्याची आपल्या हातून निघणार नाहीत इतकी सुरेख छायाचित्रे इतरांनी काढून ठेवली आहेत. वेळणेश्वरचे देऊळ, हेदवीचा दशभुजा गणपती, खाडीवरचा सूर्यास्त यांचेही तेच. परंतु ज्या जांभ्याच्या घरात आपण दोन रात्री उतरणार, ते घर? त्याच्या माजघरात भिंतीला टेकून बसलेल्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या काकू? आणि त्यांच्या डोक्यावर ओळीने टांगलेल्या तसबिरी? पिशवी भरताना आधी हे तीन विषय डोळ्यांसमोर आणावेत, असे आमचे मत आहे. आणि एकदा ते आणले, की निम्म्याहून अधिक सामान आपोआप कपाटात परत जाते.

जुन्या काळी निवडीचा प्रश्नच नव्हता. साठ-सत्तरच्या दशकांत पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत एकच कॅमेरा असे, तो ‘आग्फा क्लिक थ्री’. आपल्या बडोदेकरांना त्याचे विशेष कौतुक असावयास हरकत नाही, कारण तो येथेच, बडोद्यातील न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनत असे. १२० आकाराच्या फिल्मवर चौरस बारा चित्रे निघत. शटरचा वेग ठरलेला. ऊन आहे की आभाळ, एवढीच काय ती छायाचित्रकाराने करावयाची निवड. बारा चित्रांत सारी यात्रा बसवायची, म्हणून प्रत्येक वेळी बटण दाबण्यापूर्वी घरात मसलत होई.

त्या काळचे आल्बम आज उघडून पाहावेत. एक गोष्ट लक्षात आल्यावाचून राहत नाही. सगळी माणसे उन्हात उभी आहेत. खळ्यात उभी आहेत, तुळशीवृंदावनाजवळ उभी आहेत, देवळाच्या दीपमाळेपाशी डोळे बारीक करून उभी आहेत. घराच्या आत कुणीच नाही. माजघर नाही, देवघर नाही, चूल नाही, पडवीतला झोपाळा असलाच तर त्याचे एक टोक. ज्या जागी आयुष्य गेले ती जागा आल्बमात नाही, आणि याचे कारण उदासीनता हे नव्हते. साध्या पेटी-कॅमेऱ्याचे भिंग आणि १०० किंवा १२५ वेगाची फिल्म यांना माजघरातला प्रकाश पुरतच नव्हता. फ्लॅश थोड्यांकडे असे, आणि ज्यांच्याकडे असे ते तो लग्नकार्यासाठी राखून ठेवीत.

आजच्या कॅमेऱ्याला तो प्रकाश पुरतो. मात्र त्याला योग्य लेन्स लावलेली असली पाहिजे, आणि येथेच बहुतेकांची निवड चुकते. कॅमेऱ्याबरोबर दुकानातून जी झूम लेन्स मिळते, १८ ते ५५ मिलिमीटरची, ती बाहेरच्या उजेडात उत्तम काम देते. पण तिचे छिद्र लहान. लांबच्या टोकाला ते एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. आता लेन्सच्या छिद्राचा हिशेब असा आहे, की आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, आणि प्रकाश त्या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. एफ १.८ ची लेन्स एफ ५.६ च्या मानाने सुमारे दहापट प्रकाश आत घेते. सायंकाळी माजघरात एकच दिवा आहे, कॅमेऱ्याची संवेदनक्षमता म्हणजे आयएसओ ३२०० वर ठेवली आहे, आणि एफ १.८ ला शटरचा वेग एक-साठांश सेकंद येतो असे समजू. हातात धरून, श्वास रोखून, हे चित्र स्वच्छ निघते. तेच एफ ५.६ वर घ्यावयाचे तर वेग एक-षष्ठांश सेकंदावर येतो. कॅमेऱ्यातील थरथर कमी करण्याची यंत्रणा आपला हात एक वेळ सावरून घेईल. परंतु काकू बोलताना मान हलवणार, हात हलवणार, त्याला ती यंत्रणा काय करणार?

तेव्हा पिशवीत पहिली जाते ती एकाच लांबीची, मोठ्या छिद्राची, साधी लेन्स. कॅमेऱ्याचा संवेदक जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा असेल, म्हणजे ज्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतात तसा, तर ५० मिलिमीटर एफ १.८. संवेदक लहान असेल, म्हणजे ‘एपीएस-सी’ जातीचा, तर ३५ मिलिमीटर एफ १.८, कारण त्या लहान चौकटीत दृश्य दीडपट, कॅननच्या कॅमेऱ्यात १.६ पट आवळले जाते आणि ३५ ची लेन्स ५० च्या जवळपास वागू लागते. आपल्या कॅमेऱ्यात कोणता संवेदक आहे हे ठाऊक नसेल तर दुकानदारास विचारण्यात कमीपणा नाही. या लेन्स त्या त्या कंपनीच्या स्वस्तातल्या लेन्सपैकी असतात. ५० मिलिमीटरच्या लेन्सचे वजन साधारण १६० ते १९० ग्रॅम, म्हणजे एका मोठ्या पेरूएवढे. हिच्या उलट ७० ते २०० मिलिमीटरची, एफ २.८ ची भरभक्कम झूम घ्या. नव्या काही जातींचे वजन उतरले आहे, तरी जुन्या पद्धतीची लेन्स जवळजवळ दीड किलो भरते. तितक्याच वजनात काकूंसाठी दोन-तीन डबे भाकरवडी आणि लिलो चिवडा सहज नेता येतो, आणि आमच्या मते तो सौदा फायद्याचा आहे.

एकाच लेन्सवर निभेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने जवळजवळ सारे आयुष्य लायका कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स यांवर काढले. स्वातंत्र्यानंतरच्या धामधुमीत तो हिंदुस्थानात होता. ३० जानेवारी १९४८ रोजी तो गांधीजींना भेटला, आणि त्याच सायंकाळी त्यांची हत्या झाली. पुढची अंत्ययात्रेची त्याची छायाचित्रे जगभर गेली. त्याच वर्षी त्याने बडोद्यातही छायाचित्रे घेतली. आता कार्तिए-ब्रेसाँला जे जमले ते आपणा सर्वांना जमेल असे कुणी म्हणणार नाही. पण एकाच लेन्सचा एक गुण सामान्य माणसालाही लाभतो. दोन दिवसांत आपल्याला कळू लागते, की कोठे उभे राहिले म्हणजे चौकटीत काय येणार. मग कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच पाय योग्य जागी जातात. झूम फिरवत राहणाऱ्याचे लक्ष कड्याकडे असते. समोरची वृद्ध बाई तेवढ्यात आपला पदर सारखा करून, चेहरा ताठ करून ‘फोटोसाठी’ बसते, आणि मघाचे तिचे हसू निघून जाते.

अर्थात पाय भिंतीतून आरपार जात नाहीत. कोकणातल्या माजघरात पाठ भिंतीला लावून उभे राहिले तरी समोरची भिंत तीन मीटरांवर असते. तेवढ्या अंतरावरून ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये दोन मीटरांहून थोडी अधिक रुंदी मावते. म्हणजे काकू मावतील, त्यांच्याजवळचा पानाचा डबा मावेल, पण देवघराचे दार आणि माळ्यावर जाणारा जिना मावणार नाही. यासाठी रुंद दृश्याची लेन्स विकत घ्यावी काय? घेऊ नये. ती आपल्या खिशात आहेच. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा जुन्या हिशेबाने २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सइतके दृश्य घेतो. तीन मीटरांवरून त्यात चार मीटरांहून अधिक रुंदी बसते. शिवाय मोबाइल क्षणार्धात अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक चित्र करतो. त्यामुळे एका अंगाला काळोख आणि दुसऱ्या अंगाला दारातून येणारे झगझगीत ऊन, असे कोकणातले नेहमीचे दृश्य तो कित्येक कॅमेऱ्यांहून बरे सांभाळतो. सबंध खोली, सबंध पडवी, खळ्यात जमलेली तीस माणसे, आगरातून खाली उतरणारी पाखाडी हे सारे मोबाइलवर सोपवावे.

चेहरे मात्र मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यावर सोपवू नयेत. रुंद लेन्सने चौकटभर चेहरा घ्यायचा तर हातभर अंतरावर जावे लागते, आणि इतक्या जवळून नाक मोठे व कान मागे गेलेले दिसतात. हा दोष भिंगाचा म्हणण्यापेक्षा अंतराचा आहे. आपल्या डोळ्यालाही इतक्या जवळून तसेच दिसते, पण इतक्या जवळ जाऊन आपण कुणाशी बोलत नाही. दीड-दोन मीटरांवरून घेतलेला चेहरा ओळखीचा वाटतो. म्हणून ज्यांच्याकडे ८५ मिलिमीटरची हलकी लेन्स असेल, किंवा लहान संवेदकाच्या कॅमेऱ्याबरोबर जुनी ५० ची असेल, त्यांनी दुसरी लेन्स म्हणून ती न्यावी. नसेल तर पहिलीवरच भागवावे, कंबरेपर्यंतचे चित्र घ्यावे. म्हाताऱ्या माणसांचे हात चित्रात आलेले चांगलेच असते. मोबाइलबाबत आणखी एक खबरदारी. काही मोबाइल चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आपण होऊन पुसून टाकतात. ती सोय शोधून बंद करावी. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईचा चेहरा गुळगुळीत करून ठेवणे हा तिचा गौरव नाही.

राहिली ती दुकानातून कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स. घरी राहिली तर बिघडत नाही. पण मन मानत नसेल तर खुशाल न्यावी, हलकी असते. पक्ष्यांसाठी लांब लेन्स नेण्याचा मोह कोकणात होतो, हे मान्य केले पाहिजे. धनेशाची जोडी, किनाऱ्यावर घिरट्या घालणारा समुद्रगरुड यांची हाक ज्याच्या कानी पडली त्याला आवरणे कठीण. अशांनी केवळ त्यासाठी वेगळा प्रवास आखावा. पहाटे पाचला पक्ष्यांमागे आणि सकाळी नऊला अभिषेकाला, असे दोन्ही करू जाणारी माणसे दुपारी माजघरात घोरत असतात, आणि नेमक्या त्याच वेळी काकूंना जुन्या गोष्टी आठवत असतात.

आता तसबिरींकडे येऊ. आमच्या लेखी हा विषय सर्वांत निकडीचा आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात गावच्या घरी अकरा तसबिरी ओळीने लावलेल्या होत्या. पणजोबा, त्यांचे बंधू, कुणी वेदशास्त्रसंपन्न, कुणी संस्थानच्या नोकरीत फेटा बांधून उभे. घरातील थोरल्या वहिनींना त्या साऱ्यांची नावे-नाती तोंडपाठ होती. त्या गेल्या, आणि पुढच्या मे महिन्यात मंडळी जमली तेव्हा सातांची ओळख पटली. चार जण अनोळखी होऊन बसले ते आजतागायत. घर पाडून तेथे सिमेंटचे घर बांधायचे ठरल्यावर त्या चौघांना कुणी न्यावे, हाही प्रश्न निघाला. बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगाव हिंडून भिंतींवरची, अंगणांतली लोककला छायाचित्रांत उतरवून ठेवली. हेतू एवढाच, की जे लोपत चालले आहे त्याची नोंद राहावी. आपल्या घरच्या भिंतीपुरते तेवढे काम आपणा प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.

यासाठी महागडी मॅक्रो लेन्स हवी असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकण्यापूर्वी थोडा हिशेब करावा. वर सांगितलेल्या साध्या लेन्स ३० ते ४५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊ देतात, आणि तेथून त्यांच्या चौकटीत पोस्टकार्डाहून जरासा मोठा, काहींत वहीच्या पानाएवढा भाग मावतो. भिंतीवरच्या तसबिरी याहून मोठ्याच असतात. मोडीतली कागदपत्रे, सनदा, जमाखर्चाच्या वह्या याही मोठ्या. लॉकेटमधला अंगठ्याएवढा फोटो किंवा पोस्टाचे तिकीट चौकटभर घ्यायचे असेल तरच मॅक्रो लागेल. ती नसली तर असा लहान फोटो चौकटीच्या मध्यावर घेऊन पुढे कापून मोठा करावा.

पद्धत मात्र नीट हवी. फ्लॅश मुळीच वापरू नये. काचेत त्याचा पांढरा गोळा दिसतो. तसबीर भिंतीवरून उतरवून खिडकीजवळ अशी ठेवावी, की उजेड समोरून न येता बाजूने येईल. दुसऱ्या अंगाला एखादे धुतलेले पांढरे धोतर किंवा चादर धरली, की सावलीची बाजू उजळते. काचेत आपलेच प्रतिबिंब दिसत असेल तर पाठीमागे गडद रंगाची शाल धरावयास कुणाला तरी उभे करावे. मुले हे काम आनंदाने करतात. फोटो काचेला चिकटला असेल तर तो ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण चित्राचा पापुद्रा काचेवरच राहतो. तो काचेसकट टिपावा. कागद मात्र पाटाला चिमट्यांनी लावून तो पाट भिंतीशी उभा करावा, आणि कॅमेरा स्टुलावर पुस्तकांची चळत रचून तीवर नेमका कागदाच्या मध्याच्या उंचीला ठेवावा. कागद आणि कॅमेरा एकमेकांना समांतर नसतील तर एका बाजूची अक्षरे मोठी व दुसरीकडची लहान येतात. छिद्र एफ ८ वर आणावे, म्हणजे कडेपर्यंत अक्षर सुबक उमटते. वेग कमी होईल त्याची चिंता नको, कागद हलत नाही. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांनी आपोआप चित्र घेणारी सोय वापरावी. इतके केले, की तिपाईची गरज उरत नाही. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील वास्तूंत तिपाईला वेगळी परवानगी लागते, तेव्हा ती घरी ठेवण्याने तीही कटकट वाचते.

प्रत्येक तसबिरीची मागची बाजूही टिपावी. तेथे कधी स्टुडिओचा शिक्का असतो, कधी तारीख, कधी शाईने लिहिलेले एखादे नाव. आणि मग काकूंना शेजारी बसवून, एकेक तसबीर हाती देऊन, त्या काय सांगतात ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. ‘हे तुझ्या आजोबांचे मधले काका, इंदूरला होते’ हे वाक्य त्यांच्या आवाजात मिळाले, तर त्या छायाचित्राला निराळेच मोल येते. हे सारे त्यांना आधी विचारून, त्यांच्या सोयीने करावे. देवघरात सोवळे असेल तर दारातूनच चित्र घ्यावे. देवळांच्या गाभाऱ्यात बहुतेक ठिकाणी छायाचित्रणास मनाई असते. पुजाऱ्यांनी नको म्हटले, की कॅमेरा पिशवीत घालावा, हुज्जत घालू नये.

कोकणच्या हवेविषयी बडोदेकरांना सावध केले पाहिजे, कारण आपली सवय कोरड्या हवेची. कोकण रेल्वेच्या मार्गाने जाणाऱ्या काही गाड्या बडोद्यावरून जातात, हे सुखाचे झाले. परंतु वातानुकूलित डब्यात रात्रभर गारठलेला कॅमेरा चिपळूणच्या फलाटावर एकदम उघडला, तर दमट हवेतील पाणी भिंगावर धरते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तोच हा प्रकार. हा ओलावा आतल्या भिंगांवरही बसू शकतो. म्हणून डब्यातून उतरण्यापूर्वी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बंद करावे, आणि बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास ती उघडू नये. समुद्रकाठी खारा तुषार भिंगावर येतो. तो रुमालाने कोरडाच घासला तर मिठाचे कण काचेवरच्या मुलाम्याला ओरखडे पाडतात. आधी रबरी फुंकणीने फुंकावे, नंतर किंचित ओलसर मऊ कापडाने हळूच टिपावे. वाळूत बसून लेन्स बदलू नये. एक लेन्स नेण्याचा हाही एक लाभच म्हणावयाचा.

भिंगाचा खरा शत्रू बुरशी. दमट हवेत, अंधारात, बंद कातडी पेटीत ती काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरते, आणि एकदा तिने मुलामा खाल्ला, की साफ करूनही डाग राहतो. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे ते ओले झाले असे समजावे. मंद आचेवर तापवले, की पुन्हा निळे होतात. प्रवासाहून परतल्यावर लेन्स तशीच लोखंडी कपाटात कोंडू नये. दोन दिवस पंख्याखाली, उजेडाच्या खोलीत ठेवून मग हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावी.

विमानाने जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. जास्तीच्या बॅटऱ्या आणि मोबाइलसाठी नेलेली पॉवर बँक मोठ्या सामानात टाकता येत नाही, हातातल्या पिशवीतच न्यावी लागते. १०० वॉट-तासांच्या आतील बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही, आणि कॅमेऱ्याची बॅटरी यापेक्षा पुष्कळच लहान असते. पॉवर बँक २०,००० मिलिॲम्पिअर-तासांची असली तरी ती सुमारे ७४ वॉट-तास भरते. देशांतर्गत उड्डाणांत हाती न्यावयाच्या सामानाची मर्यादा बहुधा ७ किलो असते, हे लक्षात घेता लांब लेन्सचा विचार तेथेच संपावा.

दुसरा कॅमेरा नेऊ नये. पहिला बिघडलाच तर मोबाइल आहे. त्याऐवजी दोन बॅटऱ्या न्याव्यात, कारण गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. आणि एका मोठ्या मेमरी कार्डाऐवजी दोन मध्यम आकाराची. रोज रात्री दिवसभराची चित्रे दुसऱ्या एखाद्या साधनावर उतरवून ठेवावीत. ती नीट उतरल्याची खात्री होईपर्यंत कार्डावरचे काही पुसू नये. पिशवीत एक लहान वही व पेन्सिलही असावी. कोणती तसबीर कोणाची, कोणते चित्र कोणत्या खोलीतले, हे त्याच रात्री लिहिले नाही तर बडोद्यास पोचेपर्यंत निम्मे विसरते.

परतल्यावर या चित्रांच्या कागदी प्रती काढाव्यात. मोबाइलवर पाठवून मोकळे होऊ नये, कारण काकूंना मोबाइलमधले दिसत नाही. पोस्टकार्डाच्या आकाराच्या वीस-पंचवीस प्रती पुरतात. प्रत्येक प्रतीचे दोन नग काढावेत, एक आपल्या आल्बमासाठी, एक गावी टपालाने. पाठीमागे नावे लिहायची ती मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब समोरच्या बाजूस उमटतो. आणि जी नावे ध्वनिमुद्रणात नीट ऐकू आली नसतील, त्या प्रतींच्या मागे प्रश्नचिन्ह करून पाठवावे, म्हणजे काकू फोनवर दुरुस्ती सांगतील.